सातव्या मशीनचं निदान

वडील गेले त्या वर्षी मी लातूरच्या एका सर्व्हिस एजन्सीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करत होतो. ते माघात गेले, मुदखेडला. रेल्वेत पॉइंट्समनची नोकरी करून निवृत्त झालेला माणूस दुपारी जेवून आडवा झाला आणि उठलाच नाही. चौदाव्या दिवशी मी कामावर हजर होतो. रडू आलं नव्हतं. नातेवाईक म्हणाले, पोरगं घट्ट आहे. घट्ट वगैरे मी काही नव्हतो. दात काढताना इंजेक्शन दिलं की ओढल्याचं कळतं पण दुखत नाही, तसं काहीतरी झालं होतं, आणि ते उतरायचं नाव घेत नव्हतं.

त्यात दुष्काळ. नळाला शेवटचं पाणी कधी आलं होतं हे आठवायला घरोघरी वाद व्हायचे. एसटीत, चहाच्या गाड्यावर, पानाच्या टपरीवर लोक पाण्याशिवाय दुसरं बोलत नव्हते. मी हो हो म्हणायचो. माझ्या घरमालकीणबाई रोज सकाळी दारात उभ्या राहून मला रिकामी टाकी दाखवायच्या, जणू मीच ती पिऊन टाकली होती. मला त्यांचा रागही येत नव्हता.

काम मात्र चालू होतं. सकाळी एसटी पकडायची. औसा, चाकूर, नाहीतर उदगीरची बाजू. बॅगेत स्क्रू-ड्रायव्हर, मल्टिमीटर, दोन रॅम, एक पॉवर सप्लाय, एक खोडरबर आणि जेवणाचा डबा. खोडरबर हसण्यावारी नेऊ नका. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरानं घासल्या की निम्मी मेलेली यंत्रं उठून बसतात, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की इंजिनियर फार शिकलेला आहे. मी बारावी नापास होतो आणि दोन वर्षांचा कोर्स केला होता. पण कॅबिनेट उघडणाऱ्या माणसाला आपल्याकडे इंजिनियर साहेब म्हणायची पद्धत आहे, आणि मी ती कधी मोडली नाही.

उदगीरच्या बाजूला, एका तालुक्याच्या गावात, एका ठेकेदाराचं केंद्र होतं. जुने सरकारी कागद स्कॅन करायचे आणि त्यांच्या नोंदी टाइप करायच्या, एवढंच तिथलं काम. त्या दिवसांत तिकडे नव्या जिल्ह्याची भाषा जोरात होती. उदगीर जिल्हा होणार, अमुक तालुका तिकडे जाणार, तमुक इकडे राहणार. चहाच्या प्रत्येक टेबलावर बोटानं नकाशे काढले जात होते. ठेकेदारानंही जुनी जागा सोडून नव्या इमारतीत मोठा हॉल घेतला होता. जिल्हा झाला की कामाचा पाऊस पडेल, असं तो म्हणायचा. पावसाचं नाव काढायला तेवढाच एक विषय उरला होता.

हॉलमध्ये बारा मशीनं होती. सातव्या मशीनवर एक बाई बसायच्या. तिशी उलटलेल्या, लिंगायत घरातल्या, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा. चाकूरच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातून रोज यायच्या. घरी सासरे आणि दोन मुली. नवरा पुण्याला कामाला म्हणून गेला होता आणि तेव्हापासून फक्त फोनवर राहत होता. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मशीन सुरू होईपर्यंत त्यांनी एवढं सगळं आपणहून सांगितलं आणि वर म्हणाल्या, "जिल्हा होऊ द्या साहेब. नव्या कचेरीत ऑपरेटर लागतील. जे कामावर हायत त्यांनाच आधी घेणार म्हणून राहिले. माझं नाव यादीत हाय. फकस्त ह्या मशीनला नीट करा, माझं काम मागं पडून राहिलंय."

यादी कुणी बघितली नव्हती. पण हॉलमधले बाराही जण त्या यादीच्या भरवशावर बसले होते.

सातव्या मशीनचं दुखणं असं: स्कॅन करता करता मध्येच पडदा निळा व्हायचा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू. तोवर केलेलं काम गेलं. दिवसातून चार वेळा, कधी सहा वेळा. निळा पडदा म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमनं हात वर करणं. जाताना ती एक टिपण सोडून जाते, कुठल्या फाइलपाशी आपण पडलो त्याचं. ते टिपण वाचणं हेच आमचं ज्योतिष. इथं दर वेळी एकच नाव होतं, स्कॅनरच्या ड्रायव्हरचं. ड्रायव्हर म्हणजे यंत्राची भाषा सिस्टीमला समजावून सांगणारा दुभाष्या. दुभाष्या बिघडला की दोघांचं भांडण लागतं. मी जुना ड्रायव्हर काढला, नवा टाकला, तासभर बसलो, निळा पडदा काही आला नाही. कागदावर सही घेतली.

निघताना बाई म्हणाल्या, "साहेब, अजून एक. ह्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. स्कॅनरला लागला तरबी येतात."

मी कॅबिनेटवर तळहात ठेवला. काही नाही. स्कॅनरवर ठेवला. काही नाही.

"कुठं काय येतंय ताई? थंडगार हाय."

"मला तर येतात."

"ऊन लागलं असंल. पाणी पीत जा जरा," मी म्हणालो. त्या उन्हाळ्यात कुणाला पाणी पीत जा म्हणणं म्हणजे चेष्टाच होती. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढचा कागद स्कॅनरवर ठेवला.

आठ दिवसांनी पुन्हा फोन आला. मी पुन्हा गेलो. या वेळी पद्धतशीर केलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. रॅम काढून घासली, मग बदलली. पॉवर सप्लाय बदलला. स्कॅनर बाजूला काढून नुसतं मशीन चालवलं, दोन तास सुरळीत. म्हणजे मशीन निर्दोष. मग तो स्कॅनर उचलून तिसऱ्या मशीनला जोडला, तिथल्याच बोर्डात त्याची पिन खुपसली आणि शंभर कागद स्कॅन केले. तोही निर्दोष. दोघं वेगवेगळे राहिले की शहाणे, एकत्र आले की भांडण. असं माणसांचं बघितलं होतं, यंत्रांचं नव्हतं.

तिसऱ्या खेपेला माझं डोकं फिरलं. राग नव्हता तो, नुसता कंटाळा. एजन्सीचा मालक म्हणाला होता की एकाच तक्रारीला तीन वेळा गाडीभाडं मी देणार नाही, या वेळी कारण लिहूनच ये. रिपोर्टवर 'बिघाडाचं कारण' असा एक चौकोन असायचा. तो भरल्याशिवाय तक्रार बंद होत नसे. मी कॅबिनेट पूर्ण उघडलं. आत धूळ होतीच, त्या वर्षी धूळ कुठं नव्हती? पण पुढच्या जाळीला आणि आतल्या कडेला पांढरट राख दिसली. बोटावर घेतली. विभूती होती. बाई रोज सकाळी काम सुरू करण्याआधी कपाळाला लावून उरलेलं बोट मशीनला लावत असाव्यात. आमच्याकडे दुकानदार गल्ल्याला लावतात, जीपवाले स्टिअरिंगला लावतात, त्यात नवल काही नव्हतं. त्या चिमूटभर राखेनं मशीन बंद पडत नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण चौकोन रिकामा होता.

मी लिहिलं: कॅबिनेटच्या आत राखेसारखी पावडर आढळली. वापरणाऱ्याचा निष्काळजीपणा. साफसफाई केली.

खाली सही केली, एक प्रत केंद्राच्या व्यवस्थापकाला दिली आणि साडेतीनची गाडी पकडली. गाडीत झोपही चांगली लागली. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

महिन्याभरानं पुन्हा फोन आला. सातवं मशीनच. मी विचारलं, बाई काय म्हणतात? पलीकडून व्यवस्थापक म्हणाला, "त्यांना काढून टाकलं ना. तुमच्याच रिपोर्टवर. काम मागं पडून राहिलं होतं, वरून ठेकेदार कारण मागत होता. आता नवीन ऑपरेटर बसवला हाय. पण मशीन तशीच बोंबलून राहिली."

मी बरं म्हणालो. फोन ठेवला. खरं सांगायचं तर तेव्हाही फार काही वाटलं नाही. एवढंच मनात आलं की आता चौथी खेप, मालक ओरडणार.

त्या दिवशी गावच्या स्टँडवर उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ उचकटून लोंबायला लागला. उन्हानं त्याचा डिंक सुटला होता. स्टँडबाहेर एक चांभार बसायचा, त्यानं बूट ठेवून घेतले आणि तासाभरासाठी स्वतःच्या चपला दिल्या. त्या घालून मी केंद्रावर पोचलो. आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढूनच जायचं असतं. दाराबाहेर देवळासारखी रांग लागलेली असते. धूळ आत जाऊ नये म्हणून ही रीत पडली, पण लोक पाळतात ते वेगळ्याच भावनेनं. मी कधी पाळली नव्हती. माझ्या बुटांना लेस होती, सोडायला वेळ लागायचा, आणि इंजिनियर साहेबाला कोण बोलणार? त्या दिवशी मात्र परक्याच्या चपला पायात होत्या. सगळ्यांच्या रांगेत त्या काढल्या आणि अनवाणी आत गेलो.

सातव्या मशीनपाशी फरशीवर बसलो, कॅबिनेटचा स्क्रू काढायला हात लावला, आणि कोपरापर्यंत मुंग्या चढल्या. हात झटकला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. स्कॅनरला लावला तर त्याहून जास्त.

जाड रबरी तळाचे बूट घालून मी तीन वेळा त्या मशीनला हात लावला होता आणि काही नाही म्हणालो होतो. ती बाई रोज आठ तास अनवाणी बसत होती.

नवीन ऑपरेटर म्हणाला, "आमाला बी येतात साहेब. सवय झाली."

मग मल्टिमीटर काढला. त्यानं सगळं पाच मिनिटांत सांगितलं, जे त्याला पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतं. मशीन होतं यूपीएसवर, आणि जागा पुरत नव्हती म्हणून सातव्या मशीनचा स्कॅनर भिंतीतल्या वेगळ्या बोर्डावर जोडला होता. इमारतीला अर्थिंग नावापुरतं होतं. यंत्राच्या अंगावर जी थोडी वीज गळते ती जमिनीत जायला हवी. ती जात नव्हती. मग ती स्कॅनर आणि मशीनला जोडणाऱ्या केबलमधूनच वाट काढत होती, स्कॅनरचा ड्रायव्हर गोंधळून पडत होता आणि पडताना सगळ्यांना घेऊन पडत होता. म्हणून टिपणात त्याचं नाव यायचं. पडद्यावर पडणाऱ्याचं नाव येतं, ढकलणाऱ्याचं येत नाही. तिसऱ्या मशीनवर दोघं एकाच बोर्डावर होते, म्हणून तिथं कुणी पडलं नाही. रोग हल्याला आणि इंजेक्शन पखालीला, असं म्हणतात. मी पखालीला एक नाही, तीन इंजेक्शनं दिली होती.

अर्थिंगचा खड्डा इमारतीच्या मागं होता. सिमेंटचा चौकोन, वर झाकण. केंद्राचा शिपाई माझ्याबरोबर आला. झाकण उचललं तर आत कोळसा आणि मीठ वाळून दगड झालेलं, जमिनीत पुरलेल्या नळीच्या भोवती बोट जाईल एवढी भेग. त्या खड्ड्यात उन्हाळ्यात रोज बादलीभर पाणी ओतायचं असतं. माती ओली असेल तरच ती वीज घेते.

"पाणी कोण घालतं यात?" मी विचारलं.

"जुन्या जागेत मी रोज घालत होतो," शिपाई म्हणाला. "इथं टँकर आठ दिवसाला. माणसाच्या नरड्याला न्हाई, खड्ड्याला कुठून घालू? म्यानेजर साहेबाला इचारलं तर म्हणले, खड्डा काय तहानेनं मरून राहिला का."

त्याचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच्या जागी असतो तर मी पण घातलं नसतं.

समोरच्या दुकानातून मी पिण्याच्या पाण्याचे दोन जार आणले. गल्लीत टँकरची वाट बघत घागरींची रांग लागली होती. तिच्यासमोरून मी जार घेऊन गेलो आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ते शुद्ध, थंड पाणी जमिनीत ओतायला लागलो. मग एक म्हातारी ओरडली, "आरं मुडद्या, डोकं फिरलं का? लेकरं तोंडं वासून बसलीत अन् मातीत ओततोस?" दुसरीनं माझ्या आईबापाचा उद्धार केला. शिपाई म्हणाला, "कॉम्प्युटरसाठी हाय वो," त्यावर रांग आणखीनच पेटली. मी मान खाली घालून ओतत राहिलो. पाणी भेगेत शिरताना आवाज करत होतं. महिन्यांमागून महिने काही वाटलं नव्हतं, आणि तिथं उभं राहून मला लाज वाटली, इतकी की दुसरा जार संपेपर्यंत वर बघता आलं नाही. त्या बायकांपुढची लाज नव्हती ती. मला सातव्या मशीनवरच्या बाईचा चेहरा आठवत होता, पाणी पीत जा म्हटल्यावर झाला होता तसा.

परत येऊन मीटर लावला, आकडा खाली आला होता. स्कॅनरची पिन भिंतीतून काढून, एक एक्स्टेन्शन लावून, मशीनच्याच बोर्डावर आणली. हात लावला, मुंग्या नाहीत. संध्याकाळपर्यंत कागद स्कॅन केले. निळा पडदा आला नाही. नंतरही कधी आला नाही, असं कळलं.

रिपोर्ट मी एजन्सीत बसून लिहिला. मालकानं वाचला आणि म्हणाला, "अर्थिंग दुरुस्त केलं एवढंच लिही. आधीचं निदान चूक होतं हे कशाला? आपल्याच पायावर धोंडा." मी तसंच ठेवलं. लिहिलं की आधीच्या रिपोर्टमधलं कारण चूक आहे, वापरणाऱ्या बाईंचा काही दोष नव्हता, त्यांनी मशीनला हात लागला की झिणझिण्या येतात असं पहिल्याच भेटीत सांगितलं होतं आणि मी ते तपासलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि फासाची गाठ माझ्या हातची होती. मी स्वतः नेऊन दिला तेव्हा केंद्राच्या व्यवस्थापकानं तो कागद वाचला, टेबलाच्या खणात टाकला आणि म्हणाला, "मशीन चालू झाली ना? मग झालं तर." बाईंना परत घेणार का, असं मी विचारलं. तो म्हणाला की जागा भरली, आणि यादी वर गेली.

"कसली यादी?"

"जिल्ह्याची."

एक प्रत मी ठेवून घेतली होती. ती घेऊन पुढच्या रविवारी चाकूरच्या रस्त्यावरच्या त्यांच्या खेड्याला गेलो. घर विचारत विचारत सापडलं. बाई ओट्यावर बसून तूर निवडत होत्या. मला बघून उठल्या, पदर सारखा केला, चटई टाकली. "बसा साहेब," म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळं बसणं आणखी अवघड गेलं. आता काय करता, असं मी विचारलं. एका अडत्याकडं दोन तास हिशेब लिहायला जाते, म्हणाल्या, आणि उरलेला वेळ हेच. कपाळावर विभूती होती. माझं लक्ष तिथं गेलेलं त्यांना कळलं असावं.

मी कागद पुढं केला. तुमची काही चूक नव्हती, माझी होती, असं तोंडानंही सांगितलं. हे सांगताना आपला आवाज कापेल असं मला वाटत होतं. तो कापला नाही. मी रिपोर्ट वाचून दाखवावा तसा बोलत होतो.

त्यांनी कागद सावकाश वाचला. पहिल्यापासून सहीपर्यंत, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. त्या ऑपरेटर होत्या. ओळ न सोडता वाचायची त्यांना सवय होती.

"हे त्यांना दिलं?"

"दिलं."

"मग मला परत घेतील?"

"न्हाई ताई. जागा भरली."

"अन् यादीत?"

"यादी वर गेली म्हणतात."

त्यांनी मान हलवली, जणू तेवढंच विचारायचं होतं. आतून धाकटी मुलगी डोकावली, त्यांनी तिला हातानं आत जा म्हणून खुणावलं. मग माझ्याकडं बघून, अगदी साध्या आवाजात, खरोखरच कळून घ्यायचं असल्यासारखं विचारलं:

"मग हे तुमी कुणासाठी आणलं, साहेब?"

तुमच्यासाठी, असं ओठांवर आलं होतं, पण ते खरं नव्हतं, आणि एक खोटं लिहून झालं होतं.

"माझ्यासाठी," मी म्हणालो.

बाईंनी कागदाची घडी घातली, माझ्या घडीवरूनच, आणि तो माझ्या हातात दिला.

"मग तुमच्यापाशीच राहू द्या," त्या म्हणाल्या, आणि तुरीचं सूप पुन्हा मांडीवर ओढलं.